पुसलेली फाइल अजून गेलेली नाही

वाचकाचे पत्र

“आमच्या संस्थेत आम्ही सहा जण एक लिनक्स सर्व्हर वापरतो. त्यावर डेबियन १२ असून हिशेबाची एक वेब प्रणाली तिच्या पोस्टग्रेस डेटाबेससह चालते. मी हिशेब विभागात काम करते. सर्व्हर सांभाळायला कोणी तयार नव्हते म्हणून ते काम माझ्याकडे आले. गेल्या आठवड्यात ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’ असा संदेश येऊ लागला आणि डेटाबेस बंद पडला. शोध घेतला तेव्हा प्रणालीच्या लॉगची, म्हणजे घडामोडींच्या नोंदींची, एकच फाइल १८ जीबीची झालेली दिसली. ती मी पुसली, तरीही डिस्क १०० टक्के भरलेलीच दिसते. डिस्कची जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’ या कमांडच्या म्हणण्यानुसार ५० पैकी ४८ जीबी वापरात आहेत आणि उपलब्ध जागा शून्य आहे, रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालवलेली फाइलींची जागा मोजणारी ‘डीयू’ मात्र ३० जीबीच मोजते. आयनोड ९ टक्के वापरात आहेत. उतरवून ठेवलेली जुनी पॅकेजे पुसून थोडी जागा केली, तीही दुसऱ्या सकाळपर्यंत भरली. एका जाणकारांनी संपूर्ण ‘/व्हार’ या डिरेक्टरीला ७७७ परवानगी, म्हणजे सर्वांना सर्व मुभा, द्यायला सांगितले आहे. चार महिन्यांपूर्वी प्रणाली बसवताना तिला लॉग लिहिता येत नव्हता, तेव्हा लॉगच्या डिरेक्टरीला आम्ही असेच ७७७ दिले होते आणि अडचण सुटली होती. ‘/ईटीसी/लॉगरोटेट.डी’मध्ये प्रणालीच्या नावाची एक फाइल आहे, ती कशासाठी हे मला ठाऊक नाही. एक मित्र शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन येऊन सर्व्हर नव्याने बसवून देणार आहेत. पुसलेल्या लॉगमध्ये कोणी कोणती नोंद केव्हा बदलली याची माहिती होती आणि ती आम्हाला लागणार आहे. सर्व्हर अजून बंद केलेला नाही. मी काय करावे?”

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी एक विनंती: हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत सर्व्हर बंद करू नका, पुन्हा सुरू करू नका आणि हिशेबाची प्रणालीही थांबवू नका. आपण पुसलेला लॉग अजून डिस्कवर जसाच्या तसा आहे आणि तो परत मिळवता येईल, पण तो धरून ठेवणारा प्रोसेस, म्हणजे चालू असलेला कार्यक्रम, जिवंत आहे तोवरच. सर्व्हर नव्याने बसवण्याची गरज नाही, आणि ७७७ची सूचना तर कोणत्याही परिस्थितीत अमलात आणू नका. आपल्या पत्रात आपण ज्या वाक्यावरून सहज पुढे गेलात, ते चार महिन्यांपूर्वीच्या परवानगीचे वाक्यच या सगळ्या प्रकरणाचे मूळ आहे असे मला वाटते. त्याकडे मी येणारच आहे, पण आधी अडकलेल्या १८ जीबींचे पाहू.

लिनक्समध्ये फाइलचे नाव आणि प्रत्यक्ष फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण डिरेक्टरीत पाहतो ते केवळ नाव असते आणि ते आयनोड नावाच्या एका नोंदीकडे बोट दाखवते. फाइलचा आकार, मालक, परवानग्या आणि तिचा मजकूर डिस्कच्या कोणत्या ठोकळ्यांत ठेवला आहे, हे सारे त्या आयनोडमध्ये असते. ‘आरएम’ ही कमांड मजकुराला हात लावत नाही. ती फक्त नाव आणि आयनोड यांच्यातला दुवा तोडते. आयनोडकडे येणाऱ्या दुव्यांची संख्या शून्य झाली आणि कोणत्याही प्रोसेसने ती फाइल उघडून धरलेली नसली, अशा दोन्ही अटी पूर्ण झाल्यावरच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते ठोकळे मोकळे करतो. ग्रंथालयातले नोंदपत्र फाडून टाकले म्हणून वाचकाच्या हातातले पुस्तक नाहीसे होत नाही, तसाच हा प्रकार आहे. आपण नोंदपत्र फाडले आहे. पुस्तक अजून हिशेबाच्या प्रणालीच्या हातात आहे, आणि जागा सापडेल तसतशी ती त्यात पुढची पाने लिहीत आहे. पॅकेजे पुसून केलेली जागा सकाळपर्यंत कुठे गेली, याचे उत्तर हेच असणार: नाव नसलेली ती फाइल रात्रभर वाढत राहिली.

ही लिनक्समधली चूक नाही. चालू असलेला कार्यक्रम न थांबवता त्याच्या लायब्ररी नव्या आवृत्तीने बदलता येतात, त्या याच नियमामुळे: जुनी फाइल नावाने जाते, पण ती वापरणारे प्रोसेस संपेपर्यंत अस्तित्वात राहते.

आता आपण दिलेले आकडे पाहू, कारण ते फार नीट जुळतात आणि ते पत्रात लिहिल्याबद्दल मी आपला आभारी आहे. ‘डीयू’ डिरेक्टऱ्यांतून फिरत नावे गोळा करते आणि त्या नावांमागच्या जागेची बेरीज करते. ज्याला नाव नाही ते तिला दिसत नाही. ‘डीएफ’ नावांच्या वाटेला जात नाही, ती थेट फाइलसिस्टिमला विचारते की किती ठोकळे वापरात आहेत. म्हणून एक ३० म्हणते, दुसरी ४८ म्हणते, आणि त्यांच्यातला फरक बरोबर १८ जीबी, म्हणजे आपल्या लॉगएवढा आहे. ५० मधून ४८ गेल्यावर २ उरायला हवेत, मग उपलब्ध शून्य कसे, हा प्रश्न आपल्याला पडला असेल. ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम बनवताना साधारणपणे ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवली जाते. ५० जीबीवर ती सुमारे अडीच जीबी होते. त्यात ‘डीएफ’चा ‘-एच’ पर्याय प्रत्येक आकडा वरच्या बाजूला गोल करून दाखवतो, म्हणून बेरीज थोडी इकडेतिकडे दिसते. सामान्य वापरकर्त्याच्या नावाने चालणारा डेटाबेस थांबला, तरी आपल्याला रूट म्हणून काम करता येत आहे, ते या राखीव जागेच्या जोरावर. ‘ट्यून२एफएस’ने ती कमी करून वेळ मारून नेण्याचा सल्ला कोणी दिला, तर मूळ पार्टिशनवर तो ऐकू नका. फक्त साठवणीसाठी असलेल्या मोठ्या वेगळ्या डिस्कवर ती १ टक्क्यावर आणायला हरकत नसते.

आता प्रत्यक्ष काम. या सदरात कमांड आणि मार्ग उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापलेले असतात. टंकताना ते इंग्रजी अक्षरांत, आणि वेगळे सांगितले नसेल तेथे लहान लिपीत टंकावेत. आधी ‘सुडो -आय’ने रूट व्हा. ‘एलएसओएफ’ आपल्या सर्व्हरवर असेल तर ‘एलएसओएफ +एल१’ ही कमांड द्या. त्यातले ‘एल’ मोठ्या लिपीतले आहे आणि पर्यायाचा अर्थ आहे, ज्यांच्या दुव्यांची संख्या १ पेक्षा कमी आहे अशा उघड्या फाइली दाखव. ती कमांड नसेल तर काही नवे बसवण्याच्या मागे लागू नका. ‘फाइंड /प्रॉक/*/एफडी -एलएस’ चालवून तिचे उत्तर ‘ग्रेप डिलीटेड’मधून गाळून घेतले की तीच माहिती मिळते, फक्त तीत आकार दिसत नाही. यादीत इतरही काही लहानसहान नोंदी येतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. आपल्या लॉगचे जुने नाव आणि त्यापुढे ‘डिलीटेड’ असा शेरा असलेली ओळ शोधा. तिच्यातून दोन आकडे टिपून घ्यायचे आहेत: प्रोसेसचा क्रमांक, आणि त्या प्रोसेसने फाइल ज्या क्रमांकाने उघडली आहे तो, म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर. उदाहरणादाखल ते २४१७ आणि ७ आहेत असे समजू. ‘/प्रॉक/२४१७/एफडी/७’ हा मार्ग आता आपल्या हरवलेल्या लॉगकडे जाणारा एकमेव रस्ता आहे, आणि प्रोसेस संपला की तोही बंद होईल.

हा लॉग त्याच डिस्कवर परत काढता येणार नाही, कारण तिथे जागाच नाही. म्हणून शनिवारी येणाऱ्या मित्रांना पेनड्राइव्ह घेऊन शक्य तर आजच बोलवा. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ प्रकाराने फॉरमॅट केलेला असेल, आणि फॅट३२वर एका फाइलचा आकार ४ जीबीच्या आतच असावा लागतो. १८ जीबीची फाइल सरळ ‘सीपी’ने उतरवू गेलात तर काम मध्येच थांबेल. शक्य असेल तर पेनड्राइव्ह ईएक्सटी४ किंवा एक्सफॅट प्रकाराने फॉरमॅट करून आणायला सांगा, आणि तरीही फाइल दाबूनच उतरवा: ‘जीझिप -सी < /प्रॉक/२४१७/एफडी/७ > /मीडिया/पेनड्राइव्ह/जुनालॉग.जीझेड’. लॉगमध्ये त्याच त्या शब्दांची आवृत्ती फार असते, त्यामुळे तो पुष्कळ लहान होतो. ही कमांड नुसता ‘सुडो’ पुढे लावून चालवण्याचा प्रयत्न केला तर परवानगी नाकारली जाण्याची शक्यता आहे, कारण बाणाने दाखवलेल्या फाइली आपल्या कमांड वाचून चालवणारे शेल उघडते, ‘सुडो’ नव्हे. म्हणूनच आधी ‘सुडो -आय’ करायला सांगितले. उतरवून झाल्यावर ‘जीझिप -टी’ने फाइल शाबूत आहे का ते तपासा, ‘झेडकॅट’चे उत्तर ‘टेल’कडे देऊन शेवटच्या काही ओळी डोळ्यांनी वाचा, त्यांवरच्या तारखा पटतात का ते बघा, आणि पेनड्राइव्ह रीतसर अनमाउंट करूनच काढा. एवढे होईपर्यंत पुढचे पाऊल टाकू नका.

त्यानंतर जागा मोकळी करणे अगदी सोपे आहे. हिशेबाच्या प्रणालीची सेवा, आणि तेवढीच, ‘सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट’ने पुन्हा सुरू करा. जुना प्रोसेस संपताच त्याने धरलेली फाइल सुटेल आणि ‘डीएफ’चा आकडा ४८वरून ३०च्या आसपास येईल. पूर्ण सर्व्हर पुन्हा सुरू केल्यानेही हेच झाले असते, आणि ‘एकदा रीस्टार्ट करून बघा’ हा सल्ला अशा प्रसंगी लागू पडतो तो यामुळेच. पण त्याने लॉग कायमचा गेला असता आणि कारणही कळले नसते. यापुढे कधी चालू लॉग रिकामा करण्याची वेळ आली तर तो पुसू नका, ‘ट्रंकेट -एस ०’ने त्याचा आकार शून्यावर आणा. नाव आणि आयनोड तसेच राहतात, आणि जागा तत्काळ सुटते.

मग डेटाबेसकडे वळा. जागा मिळाल्यावर पोस्टग्रेस सुरू करा. अर्धवट राहिलेले व्यवहार तो स्वतःच्या नोंदींवरून आपोआप निस्तरतो, त्यासाठी आपल्याला काही करावे लागत नाही. मात्र जागेच्या शोधात त्याच्या डेटा डिरेक्टरीत शिरून याच नोंदी ठेवणाऱ्या ‘पीजी_वॉल’मधल्या फाइली कधीही पुसू नका. पूर्वी या डिरेक्टरीच्या नावात ‘लॉग’ हा शब्द होता, आणि तो पाहून हे साधे लॉग आहेत अशा समजुतीने लोक त्यातल्या फाइली पुसत व डेटाबेस गमावून बसत; म्हणून २०१७ मध्ये आलेल्या १०व्या आवृत्तीत तिचे नाव बदलण्यात आले. आपण जी फाइल पुसली ती खरोखरच साधा लॉग होती. यात आपला अंदाज बरोबर ठरला, पण अंदाजाने पुसण्याची सवय लागू देऊ नका. डेटाबेस सुरू झाल्याबरोबर त्याची एक पूर्ण प्रत ‘पीजी_डंप’ने काढून सर्व्हरच्या बाहेर ठेवा.

आता मूळ कारण. चार महिन्यांपूर्वी लॉगच्या डिरेक्टरीला ७७७ दिले आणि अडचण सुटली, असे आपण लिहिता. पहिला ७ मालकासाठी, दुसरा गटासाठी आणि तिसरा उरलेल्या सर्वांसाठी असतो. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ मिळून ७ होतात, आणि डिरेक्टरीच्या बाबतीत चालवणे म्हणजे आत प्रवेश करणे. म्हणजे सर्व्हरवरचा कोणताही प्रोसेस त्या डिरेक्टरीत फाइली निर्माण करू शकतो, पुसू शकतो आणि त्यांची नावे बदलू शकतो. प्रणालीला लिहिता येऊ लागले हे खरे, पण त्याच दिवशी दुसरे एक काम बंद पडले. लॉग वेळोवेळी बाजूला काढून, दाबून, जुने टाकून देणारा ‘लॉगरोटेट’ नावाचा कार्यक्रम डेबियनवर रोज एकदा चालतो, आणि ‘/ईटीसी/लॉगरोटेट.डी’मधली ती अनोळखी फाइल म्हणजे आपल्या प्रणालीचा लॉग कसा फिरवायचा याचा त्याला दिलेला नियम आहे. लॉगरोटेट रूटच्या अधिकाराने काम करतो. ज्या डिरेक्टरीत कोणालाही लिहिता येते तिथे एखाद्याने लॉगच्या जागी दुसऱ्याच महत्त्वाच्या फाइलकडे जाणारा दुवा ठेवला, तर रूटच्या हातून भलतीच फाइल बिघडू शकते. म्हणून अशी डिरेक्टरी दिसली, आणि कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने काम करायचे हे नियमात सांगितलेले नसले, की लॉगरोटेट तिला हात लावायचे साफ नाकारतो.

नाकारतो, आणि तसे लिहूनही ठेवतो. ‘जर्नलसीटीएल -यू लॉगरोटेट’ चालवा. माझा तर्क बरोबर असेल तर मूळ डिरेक्टरीच्या परवानग्या असुरक्षित असल्यामुळे हा लॉग वगळला, अशी ओळ तिथे दिवसामागून दिवस आलेली दिसेल, आणि ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’च्या यादीतही लॉगरोटेटचे नाव लाल रंगात असेल. सर्व्हर इतके दिवस आपली तक्रार सांगत होता आणि ती ऐकायची कुठे हे आपल्याला कोणी दाखवले नव्हते, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यात आपला दोष नाही. ज्यांनी ७७७ सुचवले त्यांनी त्याचा परिणाम सांगायला हवा होता.

दुरुस्ती अशी करा. प्रणाली कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालते ते ‘पीएस एयूएक्स’च्या यादीतल्या पहिल्या रकान्यात दिसेल. लॉगची डिरेक्टरी ‘सीएचओन’ने त्या वापरकर्त्याच्या मालकीची करा आणि ‘सीएचमॉड’ने तिला ७५० परवानगी द्या, आतल्या लॉग फाइलींना ६४० पुरे. चार महिन्यांपूर्वी जी अडचण होती ती बहुधा एवढीच होती: डिरेक्टरी रूटच्या मालकीची होती आणि प्रणाली दुसऱ्या नावाने चालत होती. मालक बदलला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. परवानगी नाकारली गेल्याचा संदेश दिसला की आधी ‘हे कोणाचे आहे आणि कोण मागत आहे’ हे पाहावे. परवानगीच्या आकड्यांना हात लावण्याची वेळ फार क्वचित येते.

मग नियमाची फाइल उघडून वाचा. तीत ‘डेली’, ‘रोटेट’ आणि त्यापुढे किती जुन्या प्रती ठेवायच्या तो आकडा, ‘कॉम्प्रेस’ असे शब्द असतील. आपल्याला नोंदींचा इतिहास हवा आहे, म्हणून प्रतींचा आकडा कमी असेल तर वाढवा. दाबलेल्या प्रती फार जागा घेत नाहीत. ‘मॅक्ससाइझ’ देऊन आकाराची मर्यादाही घालता येते, पण ती लॉगरोटेट चालेल तेव्हाच, म्हणजे दिवसातून एकदाच तपासली जाते हे लक्षात असू द्या. सर्वांत महत्त्वाचे पाहायचे ते पुढे. लॉगरोटेट फाइलचे नाव बदलतो, पण आपण वर पाहिले त्याप्रमाणे प्रणालीच्या हातात नाव नसून प्रत्यक्ष फाइल असते, त्यामुळे तिला ‘नवी फाइल उघड’ असे सांगितले नाही तर ती जुन्याच फाइलीत लिहीत राहते. हे सांगण्याचे काम नियमातल्या ‘पोस्टरोटेट’ या भागात होते आणि तिथे बहुधा सेवेला ‘रीलोड’ करण्याची कमांड असते. आपल्या प्रणालीला रीलोड जमत नसेल तर ‘कॉपीट्रंकेट’ हा पर्याय आहे: लॉगची नक्कल करून मूळ फाइल जागच्या जागी रिकामी केली जाते. त्यात नक्कल संपणे आणि फाइल रिकामी होणे यांच्या दरम्यान लिहिलेल्या काही ओळी गळू शकतात, आणि नकलेपुरती मोकळी जागा आधी असावी लागते. ज्या लॉगवरून कोणी काय बदलले हे सिद्ध करायचे आहे त्यासाठी मी शक्यतो ‘कॉपीट्रंकेट’ वापरणार नाही. आधी प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत रीलोडची सोय शोधा.

बदल झाल्यावर ‘लॉगरोटेट -डी /ईटीसी/लॉगरोटेट.कॉन्फ’ ही कमांड रूट म्हणून चालवा. ती प्रत्यक्षात काहीही हलवत नाही, केवळ काय केले असते ते सांगते. असुरक्षित परवानगीची ओळ तिथून नाहीशी झालेली असली पाहिजे.

संपूर्ण ‘/व्हार’ला ७७७ देण्याबद्दल आता निराळे सांगायला नको, पण ती कमांड आपल्या सर्व्हरवर चालली असती तर काय झाले असते तेवढे सांगतो, म्हणजे पुन्हा कोणी आग्रह केला तर आपल्याजवळ उत्तर असेल. डेबियनवर पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी ‘/व्हार’मध्येच असते, तिची परवानगी ७०० किंवा ७५० यांखेरीज काही असली तर पोस्टग्रेस सुरू व्हायलाच नकार देतो. म्हणजे डेटाबेस सुरू व्हावा म्हणून दिलेल्या सल्ल्यानेच तो जागा मिळाल्यावरही बंद राहिला असता. ‘/व्हार/टीएमपी’वर एकाची फाइल दुसऱ्याला पुसू न देणारी एक खूण असते, तीही या कमांडने निघून गेली असती. शिवाय परतीचा रस्ता अवघड आहे. आरपीएम ही पॅकेजांची पद्धत वापरणाऱ्या लिनक्स वितरणांत पॅकेजच्या मालकीच्या फाइलींच्या मूळ परवानग्या परत आणणारा पर्याय तरी आहे. डेबियनमध्ये तशी एका कमांडची सोय नाही. कधी मोठ्या प्रमाणावर परवानग्या बदलणे भागच पडले तर आधी ‘गेटएफएसीएल -आर’ने, ‘आर’ मोठे, त्यांची नोंद एका फाइलीत काढून ठेवा. ‘सेटएफएसीएल --रिस्टोर’ ती नोंद वाचून सर्व पूर्ववत करते. मी हे एका बिघडलेल्या सर्व्हरवर दोन रात्री हाताने एकेक डिरेक्टरी ताडून पाहिल्यानंतर शिकलो, आणि तेव्हापासून ती नोंद काढल्याशिवाय एकही परवानगी खालपर्यंत बदललेली नाही.

नव्याने बसवण्याबद्दलही थोडे लिहितो, कारण आपले मित्र चांगल्या मनाने वेळ काढून येत आहेत. सर्व्हर नव्याने बसवला असता तर शनिवारी सायंकाळी सारे व्यवस्थित दिसले असते. लॉग गेला असता, डेटाबेसची प्रत घ्यायची राहिली असती तर हिशेबही गेले असते. आणि प्रणाली पुन्हा बसवताना लॉग लिहिता येत नाही ही जुनी अडचण पुन्हा आली असती, आपण तोच जुना उपाय पुन्हा केला असता, आणि काही महिन्यांनी आपले पत्र मला पुन्हा आले असते. बंद पडलेली डिस्क किंवा घुसखोरी झालेला सर्व्हर असेल तर नव्याने बसवणे योग्यच आहे. कारण शोधण्याचा कंटाळा म्हणून ते करू नये.

डिस्क भरण्याची इतर काही कारणे असतात, ती आपल्याला लागू नाहीत, पण पुढे उपयोगी पडावीत म्हणून नोंदवतो. जागा शिल्लक असूनही हाच संदेश येतो तेव्हा ‘डीएफ -आय’ पाहावे. ईएक्सटी४मध्ये आयनोडची संख्या फाइलसिस्टिम बनवतानाच ठरते, साधारण दर १६ केबीमागे एक, आणि लाखो इवल्या फाइली साठल्या की ते जागेच्या आधी संपतात. आपण हा आकडा आधीच पाहिलात, हे पत्रातले मला सर्वांत आवडलेले वाक्य आहे. दुसरे कारण बॅकअपची डिस्क जोडलेली नसताना बॅकअप चालणे: फाइली मूळ डिस्कवरच्या रिकाम्या डिरेक्टरीत साठतात आणि नंतर डिस्क जोडली की तिच्याखाली झाकल्या जातात. ‘डीयू’ला त्या दिसत नाहीत आणि ‘डीएफ’ त्या मोजते, म्हणजे लक्षण अगदी आपल्यासारखेच. ‘माउंट --बाइंड’ने मूळ डिरेक्टरी दुसरीकडे जोडून तिथे ‘डीयू’ चालवली की त्या सापडतात. ‘/बूट’ वेगळ्या पार्टिशनवर असेल तर जुन्या कर्नलांनी ते भरते, आणि ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ने बहुधा मोकळे होते. सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचे जर्नल, म्हणजे ‘जर्नलसीटीएल’ने वाचतो त्या नोंदी, मात्र स्वतःवर मर्यादा घालून घेते: फाइलसिस्टिमच्या १० टक्के, पण ४ जीबीहून जास्त नाही. आपल्या ५० जीबींत तेही मोठेच आहे; ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=१जी’ने जुन्या नोंदी कमी करता येतील, यात शेवटचा ‘जी’ मोठा. पण लॉगरोटेटच्या त्या तक्रारी वाचून आणि उतरवून होईपर्यंत हे करू नका.

सर्व्हरजवळ एक वही ठेवा आणि रूट म्हणून चालवलेली प्रत्येक कमांड तारखेसह तीत लिहा. चार महिन्यांपूर्वीचे ७७७ आपल्याला आठवले म्हणून हे कोडे सुटले. पुढच्या वेळी ते आठवणीवर सोडायला नको. आठवड्यातून एकदा ‘डीएफ -एच’, ‘डीएफ -आय’ आणि ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ या तिन्हींची उत्तरे त्याच वहीत उतरवा. डिस्क ८० टक्क्यांवर गेली की शोध सुरू करा, कारण त्या वेळी आपल्याजवळ वेळही असतो आणि जागाही.

लॉग पेनड्राइव्हवर सुखरूप उतरला का, आणि ‘जर्नलसीटीएल’मध्ये ती ओळ सापडली का, हे कृपया कळवा. ती ओळ नसेल तर माझा तर्क चुकला आहे. अशा वेळी नियमाची ती फाइल, तिथे दिसलेल्या ओळी आणि लॉगच्या डिरेक्टरीवर चालवलेल्या ‘एलएस -एलए’चे उत्तर, तिन्ही न गाळता पाठवा. तिथून पुढे शोधू.